भिंतीपलीकडचं ऊन

इथल्या जुन्या मेंबरांना माझं नाव आठवत असेल तर ते माझ्या खवचट कमेंट्समुळेच. कोणी अनुभव टाकला की खाली 'झोप अपुरी झाली असेल' किंवा 'बीपी तपासून घ्या' असं लिहिणारी ती मीच. मी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. लिंबातून रक्त कसं काढतात, नारळ आपोआप कसा पेटतो, हे दरवर्षी पोरांसमोर करून दाखवते. भूत, करणी, झपाटणं… यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी जे झालं ते कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून हा खटाटोप. आणि एक — यात अमावस्या नाही, स्मशान नाही, काळोख नाही. जे झालं ते भर दुपारी झालं, लख्ख उन्हात.

आम्ही वर्धा जिल्ह्यात आष्टीला राहतो. घराची रचना नीट सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. खाली आम्ही दोघं नवरा-बायको. वर दोन खोल्या आणि त्यांच्यापुढे मोकळी स्लॅब. आमच्याकडे गच्चीला स्लॅबच म्हणतात. त्या दोन खोल्यांत भाडेकरू होते — रंजना आणि तिचा नवरा. तो एका कृषी केंद्रात कामाला. रंजना पंचवीस-सव्वीसची, माहेर रोहण्याचं, बोलायला मोकळी.

स्लॅबच्या पूर्वेला तीन-साडेतीन फुटांची अरुंद बोळ, आणि बोळीपलीकडे मालतीकाकूंचं घर. त्यांचं किराणा दुकान होतं एके काळी. घराचं तोंड बाजाराच्या रस्त्यावर, आमच्याकडे त्यांची पाठ. मागचा स्वयंपाकघराचा भाग जुना, लाकडी सऱ्यांवर मातीचं धाबं, म्हणजे सपाट छत, घातलेला, आणि ते धाबं आमच्या स्लॅबच्या बरोबरीला येतं. त्यावर आमच्या बाजूने पुरुषभर उंच भिंत. काकूंच्या सासऱ्यांनी ती बांधली, सुना वर पापड वाळत घालतात तेव्हा कोणाची नजर पडू नये म्हणून. पण सुनांनी सासूला धरून त्याच भिंतीत एक लहान टिनाचं दार करून घेतलं होतं. बोळीवर फळी टाकायची, दार उघडायचं, आणि भाजीच्या वाट्या इकडून तिकडे. मी लग्न होऊन आले तेव्हा हे चालू होतं. पुढे फळी सडली, दार बंद झालं, ते वीसेक वर्षं बंदच होतं.

मालतीकाकू एकट्याच राहायच्या. काका गेलेले, मुलगा पुण्याला. गेल्या उन्हाळ्यात मुलगा त्यांना घेऊन गेला. घराला कुलूप.

आता हिवाळा. तुम्ही विदर्भातले नसाल तर तुम्हाला वाटेल की आमच्याकडे फक्त उन्हाळाच असतो. तसं नाही. डिसेंबरात संत्र्याच्या बागांकडून जो वारा सुटतो तो हाडात शिरतो. घरातली फरशी बर्फ होते. त्यामुळे माझी सकाळची शाळा सुटली, जेवणं झाली, की एक ते तीन आम्ही तिघी स्लॅबवर. मी, रंजना आणि आमच्या दुसऱ्या बाजूच्या घरच्या शोभाताई. त्या साठीच्या, त्यांच्या मिस्टरांचं कापडाचं दुकान आहे. चटई टाकायची, पाठ उन्हाकडे करायची, तुरीच्या शेंगा सोलायच्या आणि बोलायचं. काय बोलायचं? काहीच नाही. थंडी किती, गॅस किती दिवस पुरला, शोभाताईंच्या मुलीला आलेलं स्थळ, वांग्याच्या भरताला तेल सुटत नाही, असलं. वर्षातले हे दोन महिने मला फार आवडायचे.

मार्गशीर्षातला गुरुवार होता, कारण शोभाताईंचा उपास होता. रंजना म्हणाली, "आज जरा जास्तच थंडी वाटून राह्यली ना?"

आणि भिंतीमागून आवाज आला — "जास्त म्हणजे? माहे तर हातपाय गोठून गेले बाप्पा."

आम्ही तिघींनी माना वर केल्या. आवाज ओळखायला क्षणही लागला नाही. किंचित घोगरा, वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा.

"काकू? कधी आल्या तुम्ही?" शोभाताईंनी विचारलं.

"आली ना. तिकडे मन लागत नाई. सकाळपासून कोणी बोलत नाई माह्यासंगं."

"मग समोरून या ना इकडे. चहा टाकते."

"जिना उतरनं होत नाई आता. इथूनच बोलते. तुम्ही बोला ना वं, मी आयकते."

बस्, इतकं साधं. आम्हाला आनंदच झाला. काकूंच्या घराचं दार पलीकडच्या रस्त्याला, तिकडून आमचं जाणं-येणं क्वचित. कुलूप आहे की नाही हे पाहायचं कारणच पडलं नाही. तीन बायका होत्या त्या चार झाल्या. चौथी भिंतीपलीकडे.

जवळजवळ महिनाभर हे चाललं. रोज नाही, पण आठवड्यातून चार-पाच दिवस. काकू मला नेहमीसारखं 'मास्तरीन' म्हणायच्या, शोभाताईंच्या मुलीच्या स्थळाची चौकशी करायच्या. शेंगा सोलतो म्हटलं की म्हणायच्या, "मले बी दे थोड्या, बसल्या बसल्या हात चालते." रंजनाने एकदा शेंगांची पिशवी भिंतीवरून टाकली. संक्रांतीला तिळगुळाचा लाडूही कागदात गुंडाळून टाकला.

आता मागे वळून पाहिलं की खटकणाऱ्या गोष्टी दिसतात. तेव्हा दिसल्या नाहीत असं नाही, पण कोण लक्ष देतं? शोभाताई म्हणाल्या होत्या, "काकू, तुरीच्या सोल्यांची भाजी केली, वाटी पाठवू का?" तर उत्तर आलं, "नको. मले चव लागत नाई." दुसऱ्या एका दिवशी, ऊन चांगलं चटके देत होतं, मी स्वेटर काढून ठेवलं होतं, आणि काकू म्हणाल्या, "हे ऊन दिसते खरं, पन अंगाले लागत नाई मास्तरीन. किती बी बसलं तरी लागत नाई." मी म्हटलं, थायरॉइड तपासा.

मग संक्रांतीच्या आठवड्यात आवाज थोडा बदलला. म्हणजे आवाज तोच, बोलणं बदललं. गप्पा कमी झाल्या. मध्येच एकदम — "रंजने, जिना जपून चढत जाय. आता तू एकटी नाई."

रंजनाच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिला तिसरा महिना लागला होता आणि तिने नवऱ्याशिवाय कोणालाही सांगितलं नव्हतं. आधी एकदा मोडलं होतं म्हणून. शोभाताई हसल्या, म्हणाल्या, जुन्या बायकांना चालण्यावरूनच कळतं. पण काकूंनी तिचं चालणं पाहिलं कुठे होतं? मध्ये भिंत होती. हे माझ्या मनात आलं आणि मी ते झटकून टाकलं.

त्यानंतर भिंतीमागचं बोलणं फक्त रंजनाशी होऊ लागलं. आम्ही दोघी काही विचारलं तरी उत्तर तिलाच. "रंजने, इकडे ये ना. इकडे ऊन चांगलं हाय. तुह्या अंगाले ऊन पाह्यजे आता." रोज हेच. एक दिवस रंजना म्हणाली, "काकू, दारच उघडत नाही ना." तर लगेच — "मी उघडते. तू फळी टाक."

"अजिबात नाही," मी म्हटलं. "काकू, ती पोटुशी आहे, फळीवरून कशी येईल?"

 त्या दिवशी भिंतीमागून पुन्हा कोणी बोललंच नाही. शोभाताई खाली उतरताना म्हणाल्या, "काकूचं डोकं फिरलं का वं? आपण उद्या समोरून जाऊन पाहू."

ते उद्या आलं नाही. दुसऱ्या दिवशी बाजार होता, शोभाताई भाजीला गेल्या. आमच्या शाळेत हळदीकुंकू होतं, मला निघायलाच दोन वाजले. घरी आले, पर्स ठेवली, आणि वरून बोलण्याचा आवाज आला. रंजनाचा आणि काकूंचा. मला बरंच वाटलं. चपला न काढता जिना चढले.

शेवटच्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबले.

टिनाचं दार उघडं होतं. वीस वर्षांत पहिल्यांदा. आमच्या कठड्यावरून त्या उंबऱ्यावर सेंट्रिंगची फळी टाकलेली, आमच्याच कामाची उरलेली. रंजना कठड्यावर चढून उभी होती आणि तिचा एक पाय फळीवर होता. एका हाताने साडी सावरून ती दाराकडे पाहत हसत होती, जसं कोणी आपल्याला आग्रह करत असलं की आपण हसतो तसं.

आणि दारातून मला पलीकडचं दिसलं. दारापलीकडे काही नव्हतं. धाबंच नव्हतं. उंबऱ्याच्या आत सरळ पोकळी, मोडक्या सऱ्यांची टोकं, पलीकडची पोपडे उडालेली भिंत, आणि ती भिंत खाली, खाली, स्वयंपाकघराच्या जमिनीपर्यंत गेलेली. बारा फूट तरी. खाली मातीचा ढीग आणि त्यातून वर आलेली लाकडं.

त्या पोकळीतून आवाज आला. "ये ना वं. काय पाहून राह्यली?"

मी ओरडले नाही. ओरडले तर ती दचकेल एवढं एक मला सुचलं, कसं ते माहीत नाही. चपला काढल्या. पंधरा पावलं असतील. आवाज न करता चालले. तिने दुसरा पाय उचलला तेव्हा मी तिच्या स्वेटरला मागून धरलं आणि सगळं अंग मागे टाकलं. आम्ही दोघी स्लॅबवर पडलो, ती माझ्या अंगावर. फळी निसटली आणि खाली बोळीत दगडावर आदळली.

 रस्त्यावरून बाजाराचा आवाज येत होता, कोणीतरी स्पीकरवर स्वेटर विकत होतं. मी रंजनाला घट्ट धरून पडले होते आणि त्या उघड्या दाराकडे पाहत होते. आणि आवाज आला, अगदी आपुलकीने, काकूंच्याच आवाजात —

"मॅडम, तुम्ही बी या ना."

काकूंनी मला आयुष्यात कधी मॅडम म्हटलेलं नाही.

मी रंजनाला कशी खाली आणली ते मला आठवत नाही. जिन्याचं दार लावलं, कडी घातली, वर स्टूल लावलं. एवढं आठवतं की मी ते स्टूल लावत होते आणि मनात म्हणत होते, स्टुलाने काय होणार आहे.

शोभाताईंच्या मिस्टरांकडे काकूंच्या मुलाचा नंबर होता. संध्याकाळी मी फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं होतं. म्हटलं, तुमच्या मागच्या बाजूचं धाबं पडलं आहे, काकूंना तिथे ठेवू नका.

 तो म्हणाला, "आई इथे आहे, पुण्याला. दसऱ्यापासून अंथरुणाला खिळली आहे. पॅरालिसिस. बोलणं पूर्ण बंद आहे. तुम्हाला कोणी सांगितलं ती तिकडे आहे म्हणून?"

दुसऱ्या दिवशी त्याच्या चुलतभावाकडची किल्ली आणून माझे मिस्टर, शोभाताईंचे मिस्टर आणि तो भाऊ असे तिघं समोरून आत गेले. कुलूप गंजलेलं, तेल घालून उघडावं लागलं. पुढच्या खोल्यांत धुळीचा जाड थर, त्यावर एकही पाऊल नाही. स्वयंपाकघराचं दार मातीने अर्धं अडलेलं. धाबं पावसाळ्यातच खचलं असणार. श्रावणात एका पावसात मोठा आवाज झाला होता खरा, आम्हाला वाटलं वीज पडली. मातीच्या ढिगाऱ्यावर शेंगांची पिशवी पडलेली होती, शेंगा तशाच, वाळून काळ्या पडलेल्या. कागदातल्या लाडवाला मुंग्यासुद्धा लागलेल्या नव्हत्या. वरच्या टिनाच्या दाराला फक्त आतून कडी आहे. ती काढायची तर आत उभं राहायला जागा हवी. माझे मिस्टर बराच वेळ खालून त्या दाराकडे पाहत राहिले, आणि घरी येऊन एवढंच म्हणाले, "उद्या गवंड्याले बोलावतो." बोळीत शिडी लावून त्याने ते दार आमच्याच बाजूने विटांनी बुजवलं.

 तिसऱ्या दिवशी रंजनाचा नवरा तिला रोहण्याला माहेरी घेऊन जाणार होता. निघण्याआधी ती माझ्याकडे आली.

"ताई, मले धाबं दिसत होतं," ती म्हणाली. "सारवलेलं. चटई टाकली होती. ऊन होतं."

"आणि काकू?"

"होत्या ना. पन त्या बोलून नाई राह्यल्या. त्या कोपऱ्यात बसल्या होत्या, तोंड भिंतीकडे करून. बोलत होती ते दुसरी."

"दुसरी कोण?"

"मले नाई माहीत. डोक्यावरून पदर होता. ते काकूच्या आवाजात बोलून राह्यली होती, मले वाटलं काकूची बहीण असंन." ती जायला उठली, दाराशी जाऊन परत वळली. "ताई, काकू रडत होत्या. मले पाठ दिसत होती फक्त, पन रडत होत्या."

मी तिला म्हटलं, शॉकमध्ये असं होतं. गरोदरपणात साखर कमी-जास्त झाली की भास होतात. मी हे म्हणत होते, पण मी स्वतः तो आवाज ऐकला होता, आणि मी गरोदर नव्हते.

मे महिन्यात भाचीच्या लग्नासाठी मी पुण्याला गेले. काकूंकडे जायचं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं. शेवटी गेले. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, मागची खोली. काकू अगदी एवढ्याशा झाल्या होत्या. डावा हात तेवढा हलत होता. सूनबाई चांगली आहे, स्वच्छ ठेवलं होतं सगळं. तिने सांगितलं, हो म्हणायचं असेल तर त्या डोळे मिटतात, नाही म्हणायचं असेल तर मान थोडी हलवतात. आणि बोलता बोलता सहज म्हणाली, "डिसेंबर-जानेवारीत विचित्रच करायच्या. दुपारी तास-दोन तास ओठ हलायचे नुसते, आणि हा हात असा चालायचा, शेंगा सोलल्यासारखा. मग एकाएकी बंद झालं."

ती चहा करायला गेली. मी काकूंच्या जवळ वाकले.

"काकू, तुम्ही येत होता का आमच्याकडे, दुपारच्या?"

त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटून ठेवले. उघडले तेव्हा ते भरले होते.

मला तिथेच उठायला हवं होतं. पण विचारलं. "रंजनाला तुम्ही बोलावलं का?"

मान हलली. नाही. पुन्हा हलली, पुन्हा, उशी सरकली तरी थांबेना. त्यांच्या त्या एका हाताने माझं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की बोटांचे वळ उठले.

"मग कोण होतं?"

काकू माझ्याकडे पाहत नव्हत्या. माझ्या खांद्यावरून मागे पाहत होत्या. मागे बाल्कनीचं दार होतं, त्यावर जाड पडदा ओढलेला. दुपारचे दीड वाजले होते, आणि पडद्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी फरशीवर आली होती.

सूनबाई कप घेऊन आत आली आणि लगबगीने पडदा नीट लावला. म्हणाली, "दुपारी हा उघडा राहिला ना, तर फार घाबरतात. का ते काही कळत नाही."

काकू आषाढात गेल्या. रंजनाला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, पण ती परत आष्टीला आली नाही. तिच्या नवऱ्यानेच येऊन सामान नेलं.

मी या सगळ्याचा खूप विचार केला आहे. तिघींना एकदम, महिनाभर, एकच भास होईल का? आवाज दुसऱ्या कुठल्या घरातून येत असेल का? गंजलेली कडी वाऱ्याने निघेल का? एकेका प्रश्नाला ओढूनताणून उत्तर काढता येतं. सगळ्यांना मिळून एक उत्तर मला सापडलेलं नाही. काकू एकटेपणापायी येत होत्या, असं मी एक वेळ मान्यही करीन. त्याची मला भीतीसुद्धा वाटत नाही. पण त्यांच्या मागोमाग तिथे येऊन बसलं ते काय होतं, आणि ते अजून कुठे आहे, हे विचारायला आता काकूही नाहीत.

यंदा थंडी लवकर पडली. वरच्या खोल्या रिकाम्याच आहेत, मी भाडेकरू पाहिला नाही. शाळेत जायच्या आधी वर जाऊन कपडे वाळत घालते आणि उतरते. शोभाताई आता त्यांच्या ओट्यावर बसतात, तिथे ऊन अर्धा तासच येतं. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसते, पण आम्ही फार बोलत नाही. एखादी काही बोलली, की दुसरी लगेच उत्तर देते. मध्ये जागा राहू देत नाही.